लाल मणी

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली सुपरमॅन जन्माला घातला. हवेत उडणारा, मोटार डोक्यावर उचलणारा, गोळ्या छातीवर झेलणारा सुपरमॅन. त्याचे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, डिसेंबर १९६२ च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या अंकात, तोच सीगल दुसऱ्यांच्या नोकरीत गोष्टी लिहीत होता. त्या अंकात चित्रकार जॉन फोर्टेच्या साथीने त्याने आणखी एक नायक उभा केला. टेन्झिल केम त्याचं नाव, पण वाचक त्याला मॅटर-ईटर लॅड म्हणूनच ओळखतात. त्याची शक्ती एवढीच की तो काहीही खाऊ शकतो. लोखंड, दगड, काच, तुरुंगाचे गज, सगळं चावतो आणि पचवतो.

ज्या माणसाने जगाला आकाशात उडायला शिकवलं, त्यानेच पुढे एका पोराला नुसतं चावायला लावलं, याचं मला फार नवल वाटतं. हा पोरगा ज्या टोळीत दाखल झाला ती तिसाव्या शतकातल्या कोवळ्या वयाच्या नायकांची, ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ नावाची. आत यायचं तर प्रत्येकाकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक तरी शक्ती हवी, असा तिथला नेम. एकजण विजा फेकतो, एकीला दुसऱ्याच्या मनातलं वाचता येतं, एकजण चुंबकासारखं लोखंड ओढतो. स्वतः तरुण सुपरमॅन, म्हणजे सुपरबॉय, त्यांच्यात येऊन-जाऊन असतो. अशा पंगतीत हा बसला. वाचक वर्षानुवर्षं त्याला हसले. शत्रूच्या किल्ल्यावर सगळे झेप घेतात आणि हा तटाच्या भिंतीला तोंड लावतो, हे चित्र पाहून हसू येणारच.

पण सीगलने या शक्तीला एक कारण दिलं होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. टेन्झिल ज्या बिस्मॉल ग्रहावरचा, तिथे एके काळी जंतूंनी सगळं अन्न विषारी करून टाकलं. खावं तर मरण, न खावं तर मरण. तेव्हा त्या ग्रहावरच्या माणसांचं पोटच बदललं आणि समोर येईल ते पचवून ती जगली. म्हणजे ही शक्ती कोणी देवाने प्रसन्न होऊन दिलेली नव्हती, प्रयोगशाळेतल्या अपघातात मिळालेली नव्हती. ती टंचाईतून आली होती, आणि एकट्या टेन्झिलची नव्हती. त्याच्या गावच्या कोणालाही ती होतीच. तो फक्त ती घेऊन बाहेर पडला.

आणि मग एक दिवस ती लागली. लीजनकडे एक यंत्र होतं, मनातली इच्छा प्रत्यक्षात उतरवणारं. त्यांच्यातलाच सर्वांत बुद्धिमान सोबती भ्रमिष्ट झाला आणि त्याने त्या यंत्रातून एक संहारक निर्माण केला. विजा चालेनात, मनोबल चालेना, सुपरबॉयच्या मुठीचाही उपयोग होईना. यंत्र तर फुटणारं नव्हतंच. शेवटी टेन्झिल पुढे झाला आणि त्याने ते यंत्र खाऊन टाकलं. जग वाचलं. त्या यंत्रातल्या शक्तीने त्याचं डोकं मात्र फिरलं आणि पुढे बराच काळ तो वेडाच राहिला. ही गोष्ट १९७९ सालची आहे. सतरा वर्षं ज्याच्या दातांची चेष्टा झाली, त्याच्याच दातांवर शेवटी सगळं येऊन ठेपलं.

हा नायक माझ्या घरात आला तो भाच्याच्या मोबाइलवरून. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या चामोर्शीत मोबाइलचं जाळं कधी असतं, कधी नसतं. असलं की भाचा चित्रं पाहत बसतो आणि मला अर्थ विचारतो. या पोराचं चित्र पाहून त्याने विचारलं, “मामा, हा का कामाचा जी? खाऊन खाऊन का करन हा?” मी त्याला बिस्मॉलची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “म्हंजे यायच्या गावात सगळ्यालेच येत होतं.” तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नायकाची शक्ती सगळ्या गावाला येते, असं आमच्या लहानपणी कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आमच्या लहानपणी वेताळ होता. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. मधल्या काळात मराठीतूनही ते घरोघर पोचलं. फाटक्या, हातोहात फिरून मऊ झालेल्या प्रती आमच्याकडे चंद्रपूरहून यायच्या. त्यात वेताळ जंगलाचा राखणदार. कवटीच्या गुहेत राहणारा, घोड्यावरून येणारा, पिढ्यान्‌पिढ्या एकच मुखवटा चढवणारा. आम्ही जंगलाच्या जिल्ह्यातली पोरं, आम्हाला तो आपलाच वाटायचा. घोटकडे जाणाऱ्या रस्त्याला सागाचं रान लागलं की तो या झाडांमागे कुठेतरी असणार, अशी खात्रीच. मोठेपणी त्या प्रती पुन्हा चाळल्या तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत खुपली. त्या जंगलातली माणसं सतत वाट पाहताना दिसतात. संकट आलं की नगारे वाजवतात आणि बाहेरून आलेल्या घराण्यातला तो पुरुष येऊन त्यांना सोडवतो. जंगलातल्या माणसांना स्वतःला काय येतं, याची नोंद त्या चित्रांत फार कमी आहे.

आमच्याकडच्या माणसांना पुष्कळ येतं, आणि त्यातलं बरंचसं टंचाईनेच शिकवलेलं आहे. चामोर्शी तालुका वैनगंगेच्या काठचा, धानाचा, बोड्या-तलावांचा. एका अंगाला मार्कंड्याचं देऊळ, दुसऱ्या अंगाला रान. धान पिकलं तर घरात सगळं आहे. पाऊस रुसला की रान सांभाळतं. मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवलेली मोहफुलं पावसाळ्यात कामी येतात. पहिल्या पावसावर तरोट्याची भाजी उगवते, बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, ताटात येतात, आणि लाल मुंग्यांची आंबट चटणी भाताबरोबर चालते. रानातला कडू कांदा तर उपटून तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोटात मळमळतं. त्याच्या पातळ चकत्या करून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून, उकळून, पाणी फेकून तो खाण्याजोगा करायचा असतो. हे ज्या बाईला येतं तिला कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. पण विष कुठपर्यंत धुवायचं हे तिला नेमकं माहीत असतं, आणि ते माहीत नसतं तर तिच्या मागच्या कितीतरी पिढ्या त्या वर्षांतून पार झाल्या नसत्या. बिस्मॉलची माणसं मला परकी वाटली नाहीत ती यामुळे. मात्र भुकेचं कौतुक मला करायचं नाही. रानातलं ज्ञान मोठं आहे, आणि ते ज्या भुकेपायी मिळवावं लागलं ती वाईटच होती.

खरी गोष्ट मला सांगायची आहे ती पोटाची नाही, श्वासाची आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्हा तोडून गडचिरोली जिल्हा झाला. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पुढे धानोरा रस्त्याला शोधग्राम उभं राहिलं. तिथल्या दवाखान्याला त्यांनी गोंडांच्या देवीवरून मां दंतेश्वरीचं नाव दिलं, आणि आदिवासी बिचकू नयेत म्हणून तो झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला. गावागावांत हिंडून त्यांनी आधी काय केलं, तर मृत्यू मोजले. १९८८ मध्ये त्यांच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १२१ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. दर आठ बाळांमागे जवळजवळ एक. या मृत्यूंत न्यूमोनिया मोठा मारेकरी होता.

न्यूमोनिया झालेल्या लहान बाळाला वाचवायचं औषध तेव्हाही होतं. कोट्रायमोक्साझोल, साधं, स्वस्त, तोंडाने देता येणारं. अडचण ओळखण्याची होती. सर्दी-खोकला तर दर दुसऱ्या लेकराला. त्यातलं कोणतं साधं पडसं आणि कोणतं फुप्फुसात उतरलेलं, हे कसं कळायचं? डॉक्टर नळी लावून ऐकेल, क्ष-किरणांचं चित्र काढेल. पण डॉक्टर दूर, नदीला पूर, रस्ता नाही. एक खूण मात्र अशी होती की तिला कोणतंच यंत्र लागत नव्हतं. न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. आमच्या आया-आज्या याला पोट उडणं म्हणतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षाचं बाळ ५० किंवा जास्त, आणि त्याहून मोठं, पाच वर्षांपर्यंतचं लेकरू ४० किंवा जास्त, तर धोका समजायचा. म्हणजे सगळा निवाडा एका मिनिटातल्या मोजणीवर येऊन थांबला.

आणि मोजणार कोण? गावात बाळाजवळ असणारी, बाळाचा पहिला श्वास पाहणारी, घरातल्यांचा विश्वास असलेली बाई म्हणजे सुईण. आमच्याकडच्या बहुतेक सुईणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. डझनाच्या पलीकडे त्यांची मोजणी जात नव्हती. साठपर्यंत मोजायचं आणि त्याच वेळी घड्याळाच्या काट्याकडे बघायचं, हे त्यांच्याकडून होणं अशक्य, असं कोणीही म्हटलं असतं.

तेव्हा ‘सर्च’ने एक साधन केलं. त्याचं नाव श्वासमापक, आणि माझ्या लेखी या जिल्ह्यात घडलेल्या सगळ्या यंत्रांत ते थोर आहे. बरोबर एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या सोबत मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळांची, दुसरी मोठ्या लेकरांची. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. नाही सरकला तर नाही. दहापर्यंतची मोजणी सुईणीला येत होतीच. ती धान मोजत होती, दिवस मोजत होती, पोटुशीचे महिने मोजत होती. तिला येत नव्हतं त्यावर कोणी अडून बसलं नाही. जे येत होतं त्यावरच साधन बेतलं गेलं.

सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी असं ओळखून, कोट्रायमोक्साझोल देऊन काय साधलं, त्याचा निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या लेकरांत शंभरामागे एकाहूनही कमी, ०.८ टक्के, दगावली. जिथे ही सोय नव्हती त्या शेजारच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर लेकरांतली १३.५ गेली. हे दोन आकडे मी भाच्याला वहीत शेजारी शेजारी लिहून दाखवले. त्याला टक्केवारी येते. तो बराच वेळ त्याकडे बघत होता.

टेन्झिलच्या गोष्टीतली खरी खोच इथे कळते. शक्ती मोठी की क्षुल्लक हे ती शक्ती बघून ठरत नाही, समोर संकट कोणतं उभं आहे त्यावरून ठरतं. सुपरमॅन वैनगंगेवरून उडत आला असता तरी त्या झोपडीतल्या बाळाच्या फुप्फुसाशी त्याला लढता आलं नसतं. तिथे हवी होती ती दहापर्यंत मोजू शकणारी, बाळाकडे एक मिनिट अढळ नजरेने बघू शकणारी, आणि त्या घरात रात्री-बेरात्री जाऊ शकणारी बाई. ती तिथे आधीपासूनच होती. लोकांनी तिला अडाणी म्हणून बाजूला ठेवलं होतं.

इथून पुढची पायरी अधिक अवघड होती. पहिल्या महिन्यातली बाळं न्यूमोनियाखेरीज इतरही कारणांनी जात. जन्मतः गुदमरून, गार पडून, कमी वजनामुळे, जंतुसंसर्गाने. १९९५ पासून ‘सर्च’ने आमच्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचं वजन घेणं, ताप बघणं, श्वास मोजणं, गार बाळाला ऊबदार पिशवीत घालणं, न रडणाऱ्या बाळाला मुखवटा लावून पिशवीने हवा देणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, एवढं सगळं त्या शिकल्या. इंजेक्शनवरून गहजब झाला. सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, हे अनेक डॉक्टरांना पटणारं नव्हतं. त्यांची भीती मी टाकाऊ मानत नाही. बाळाच्या अंगात सुई जाते तेव्हा भीती वाटलीच पाहिजे. पण दुसऱ्या बाजूला काय होतं, तर पहाटे गार पडलेलं बाळ आणि कित्येक कोसांवरचा दवाखाना. १९९९ च्या डिसेंबरमध्ये निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरच्या नवजात काळजीचा कार्यक्रम देशभरातल्या आशांकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांकडे, सोपवला. त्यात इंजेक्शनचा भाग आला नाही, पण वजन, ताप आणि श्वासांची मोजणी आली. गडचिरोलीच्या झोपड्यांत जमलेलं काम आता केरळापासून आसामपर्यंतच्या घरांत चालतं.

माझ्या बहिणीच्या सुनेला थंडीत बाळ झालं तेव्हा ही मोजणी मी जवळून पाहिली. तालुक्याच्या दवाखान्यातून आल्यावर बाजेखाली शेगडी, बाळाला कुंची, झबलं, दोन दुपटी, वरून गोधडी, दाराला पडदा, आणि खोलीत सहा-सात बायका. आशाताई आली. निळी पिशवी खांद्यावरून उतरवली, कोपऱ्यातल्या बादलीवर कोपरापर्यंत हात धुतले, आणि पुसायला पुढे केलेलं फडकं न घेता हात हवेतच वाळू दिले. मग झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन झालं, काखेत थर्मामीटर झालं. शेवटी ती बाजेच्या कडेला टेकली, बाळाची दुपटी एकेक करून सैल केली आणि झबलं छातीपर्यंत वर सरकवलं. एवढंसं पोट उघडं पडलं, बेंबीवरची नाळ वाळून काळी पडलेली. बायकांचं बोलणं चालूच होतं. ती म्हणाली, “चूप राहा जी जरा, मी मोजून रायली.”

खोली शांत झाली. एक डोळा घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आणि एक पोटावर, असं तिचं चाललं होतं. पोट वर आलं, खाली गेलं, तो एक श्वास. नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. सात-आठ श्वास भराभर येतात, मग ते काही क्षण थांबतं, बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, आणि पुन्हा सुरू होतं. म्हणूनच पाव मिनिट मोजून चारने गुणायचं चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. मध्येच बाळ रडलं. तिने घड्याळ खाली ठेवलं. आईने बाळाला अंगाशी घेतलं, ते शांत झालं, आणि हिने मोजणी पहिल्यापासून धरली. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही, हे तिने बोलता बोलता आजीला समजावलं. मिनिट संपलं. तिने फॉर्मवर आकडा लिहिला, ४६, आणि झबलं खाली ओढून बाळाला पुन्हा गुंडाळलं.

सेहेचाळीस. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजीने विचारलं, “झालं?” ती म्हणाली, “झालं.” चहा पिऊन पुढच्या घरी गेली. तालुक्यात झाडीबोलीची घरं आहेत, गोंडीची आहेत, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. आशाला या सगळ्या उंबऱ्यांवर जावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी कोणत्या तरी आजीला बाळ उघडं करायला राजी करावं लागतं. थंडीत दोन दुपटी सोडायला सांगणं हे धैर्याचं काम आहे. घरातली सगळ्यांत मोठी बाई विरोधात असते, आणि बाळाला पुढे सर्दी झाली तर दोष हिच्यावर येणार असतो.

टेन्झिलला त्या यंत्राची किंमत डोकं गमावून मोजावी लागली होती. आमच्या आशांनाही किंमत पडते, आणि ती किंमत सोसण्यासारखी करणं आपल्या हातात असूनही आपण करत नाही, म्हणून मला राग येतो. एका बाळाच्या दीड महिन्यातल्या सगळ्या घरभेटींमागे आशाला या कार्यक्रमातून २५० रुपये मिळतात. तिला पगारी कर्मचारी मानलंच जात नाही, ती ‘मानधनावरची स्वयंसेविका’. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक गौरव केला. आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं, आणि सरकारी आदेश निघेना म्हणून २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा बसावं लागलं. या बायकांना ‘आमच्या रणरागिणी’ म्हणून व्यासपीठावर बोलावणारे पुष्कळ आहेत. त्यांनी व्यासपीठावरून उतरून तिच्या मानधनाची पावती एकदा वाचावी. कॉमिकच्या पुस्तकात नायकाला जेवायला काय मिळतं हा प्रश्न येत नाही. इथे येतो.

भाच्याने आता वहीत स्वतःचा एक नायक काढायला घेतला आहे. तो बाई आहे, तिच्या पाठीवर झूल नाही, खांद्यावर पिशवी आहे. तिची शक्ती काय असावी यावर त्याचं अजून ठरत नाही, कारण नुसतं मोजणं चित्रात दाखवायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे. तो खराखुरा अवघड आहे. उडणं काढता येतं, गज चावणंही काढता येतं. एका मिनिटाचं लक्ष कसं काढणार? मी त्याला सुचवलं की एका पानावर दहा-दहा श्वासांचे चौकोन कर आणि शेवटचा लाल रंगव. त्याला ते आवडलं, पण तो म्हणाला की लाल चौकोन आला तर बाळ आजारी होईल, तर तो शेवटचा कोरा ठेवतो. मी हो म्हटलं.

वाचकाला एक विनंती करतो. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात बाळ झालं तर आशा भेटीला येईल. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्याच दिवशी, आणि एरवी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती आली की टीव्ही बंद करा. बाळाला दूध पाजणं तेवढ्यापुरतं थांबवा, आजीला समजावून बाळाचं पोट उघडं करू द्या, आणि तिला पूर्ण एक मिनिट मोजू द्या. आकडा ६० किंवा जास्त आला तर तिला पुन्हा एकदा मोजायला सांगा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर उद्याची वाट न बघता त्याच घडीला बाळाला दवाखान्यात न्या.